उतरायचा कोपरा

कुंभकोणम् पाहून आलो असं सांगितलं की पुण्यातले लोक आधी देवळं किती ते विचारतात आणि मग कॉफी कशी ते. देवळं पुष्कळ आहेत आणि कॉफी फार चांगली आहे. गोपुरांची वर्णनं ज्यांना हवी असतील त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं. मी त्या गावात सगळ्यात जास्त वेळ रस्त्याच्या एका कोपऱ्याकडे बघत काढला आणि सांगणार आहे तेही त्याचंच. ऐकून कुणाला आनंद होईल असं वाटत नाही. मला तर अजून राग येतो.

कुंभकोणम्

आमचे वडील रेल्वेच्या नोकरीत त्रिचनापल्लीला होते तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न तिकडच्याच एका मराठी घरात झालं. मला मात्र शिकायला पुण्याला काकांकडे ठेवलं. ती तमिळ मुलखातली झाली, मी पेठेतला राहिलो. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरकीतून मोकळा झालो आणि म्हटलं, आता अक्काकडे सवडीनं राहून यावं.

स्टेशनवर भावजी न्यायला आले होते. अक्काचे यजमान रघुनाथराव. यांचं घराणं तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी तिकडे गेलेलं. पूर्वज घोडदळात होते, हे मला घरी पोचेपर्यंत दोनदा कळलं.

"यावें, गोविंदराव! प्रवास सुखाचा झाला कीं? उन्हानें फार करपलांत," असं ते म्हणाले तेव्हा एखादं जुनं दरबारी कागदपत्र तोंड उघडून बोलतंय असं मला वाटलं. घरात सगळे असंच बोलतात. दाराबाहेर पाऊल पडलं की हेच भावजी भाजीवाल्याशी खडाखडा तमिळ बोलतात आणि पुन्हा उंबऱ्याच्या आत आले की दीडदोनशे वर्षं मागे जातात. माझं मराठी त्यांना उर्मट वाटतं. तोंडावर तसं म्हणाले नाहीत, अक्काला म्हणाले आणि अक्कानं मला सांगितलं.

कॉफी पितळी पेल्यातून पितळी वाटीत उंचावरून ओतून देतात. मी पहिला घोट घेतला. भावजी माझं तोंड बघून म्हणाले, "तुम्हांकडे कॉफी नाहीं, गरम पाणी अहे." हे मला कबूल करावं लागलं. आमटीला ते सांबार म्हणतात आणि आमच्याच राजांनी ते शोधून काढलं असं छाती फुगवून सांगतात. बाकी तिखट बेताचं, तांदूळ मनमुराद आणि शेवटी दहीभात खाल्ल्याशिवाय कुणी पानावरून उठत नाही.

त्या घरातली एक वस्तू मला पुण्याची वाटली. ओटीवर, भिंतीला टेकून, झाडूनपुसून ठेवलेली बायकी सायकल.

ती माझ्या भाचीची, तुळजाची. तुळजाचा नवरा लग्नानंतर रंगूनला नोकरीला गेला. पहिल्या वर्षी त्याची खुशाली येत होती, मग तीही बंद झाली. मेला असं कुणी सांगत नाही, आहे असंही कुणी सांगत नाही. त्यामुळे ही पोर कुंकू लावून माहेरी बसली होती आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई तिला रंगूनचं विचारत होती. शेवटी तिनं शिक्षिकेची परीक्षा दिली आणि तिरुवलंचुळीला मुलींच्या शाळेत जागा मिळवली. गाव तसं जवळ, पण रोज चालत जाण्यासारखं नाही. मोटारबसमध्ये परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसायला भावजींची परवानगी नव्हती आणि रोज जटका, म्हणजे तिकडचा छपराचा टांगा, परवडण्यासारखा नव्हता. मायदेशी चाललेल्या एका मिशनबाईची सायकल तिनं घेतली. घरात महिनाभर कुणी धड जेवलं नाही म्हणे.

भावजींनी अखेर होकार दिला, पण एक अट घातली. तिकडे रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर गणपतीची लहान देवळं असतात. गणपतीला ते पिळ्ळैयार म्हणतात. प्रत्येक पिळ्ळैयारापाशी तुळजानं सायकलवरून खाली उतरायचं, नमस्कार करायचा आणि मगच पुढे जायचं.

"आमचे पणजे याच कोपऱ्यांवर घोड्यावरून उतरत होते," भावजी मला म्हणाले. "देवापुढें कोणी वाहनावर बसून जातो कां?"

आमच्या पुण्यात जातात. एक हात हँडलवर, दुसरा छातीला लावला न लावला, आणि पायडल चालूच. आमच्या देवांची त्याबद्दल काही तक्रार ऐकलेली नाही. हे मी बोलून दाखवलं नाही, कारण पहिलाच दिवस होता.

बाजारातलं वळण

दुसऱ्या दिवशी मी भाड्याची सायकल घेतली आणि तुळजाच्या मागे निघालो. पोरगी चांगली चालवते. पाठ ताठ, नजर समोर, घंटी उगाच वाजवत नाही. पहिले दोन पिळ्ळैयार गल्लीतले होते, तिथे बैलगाड्यांशिवाय काही नव्हतं. ती उतरली, मीही उतरलो आणि आमच्या दोघांचं पुण्य वाढलं.

तिसरा बाजाराच्या वळणावर होता. तिथे मोठा रस्ता डावीकडे वळतो आणि बरोबर त्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीत कोनाडा करून, दगडी कट्ट्यावर पिळ्ळैयार बसवला आहे. तुळजा कोपऱ्याशी येऊन डावीकडे उतरली. सायकल कमरेला टेकवून तिनं डोळे मिटले, दोन्ही मुठींनी कपाळाच्या कडांवर टकटक केलं, हात एकमेकांवरून नेऊन कान धरले आणि सायकल पडणार नाही अशा लहान लहान उठाबशा काढायला लागली. तिकडची रीतच तशी आहे. पोलीस, वकील, हमाल, सगळे काढतात.

तेवढ्यात मागून मोटारबस आली आणि डावीकडे वळली. तिचं तोंड तुळजापासून चांगलं लांबून गेलं. पण मागची चाकं आत आत येत राहिली. शेवटी पायरीची कड तिच्या सायकलच्या हँडलला घासल्यासारखी गेली. मी "तुळजे!" म्हणून किंचाळलो. तिनं डोळे उघडले तोवर मोटार निघून गेली होती.

"काय झालें, मामा?"

"मोटार! आत्ता चिरडली असतीस!"

"रोज जाते कीं," ती शांतपणे म्हणाली. "पुढचें चाक लांबूनच जातें."

मी घाबरलो ते खरं याच बोलण्यानं. तिला वाटत होतं की मोटारीचं तोंड गेलं म्हणजे मोटार गेली.

सायकल चालवणाऱ्या माणसानं दुसरं काही शिकलं नाही तरी चालेल, पण हे शिकावं. वळणाऱ्या लांब गाडीच्या आतल्या बाजूला कधी राहू नये. पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती कोपरा कापून जातात. आणि हाकणारा बसतो उजवीकडे, त्याला डाव्या कुशीला काय आहे ते दिसत नाही. डाव्या फटीतून पुढे घुसू नये, मागे थांबावं, गाडी पुरी वळू द्यावी. पुण्यात आम्ही हे कोपरं फुटून शिकलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हे तिला करून दाखवलं. तिकडे दारात सडा घालून तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात. अक्कानं नुकतीच काढली होती. मी सायकल रांगोळीवरून नेली आणि ओल्या रस्त्यावर डावीकडे हँडल वळवलं. पिठाच्या दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. पुढच्या चाकाची बाहेर, मागच्याची आत. तुळजा उकिडवी बसून बघत राहिली.

"सैकिल एवढीशी," ती म्हणाली, "तर मोटारीची रेघ केवढी आंत येईल!"

तिला समजलं. भावजी दात घासत बाहेर आले आणि त्यांना फक्त मोडलेली रांगोळी दिसली.

"भावजी," मी म्हटलं, "या मुलीला त्या एका कोपऱ्यावर उतरायला लावू नका. हवं तर समोरच्या बाजूनं नमस्कार करू दे."

"देव या बाजूस अन् नमस्कार त्या बाजूनें? शेजाऱ्यास ओळख दाखवल्यासारखा?"

"मोटारी वळतात तिथं."

"पिळ्ळैयार आधीं बसला, मोटार मागून आली." त्यांनी चूळ भरली. "गोविंदराव, तो विघ्न निवारणारा देव. त्याच्यापुढें उभें राहून विघ्न कसें येईल?"

मी अक्काकडे पाहिलं. अक्का पुन्हा रांगोळी काढायला वाकली होती.

"तू न उतरता जा," मी तुळजाला एकटीला म्हटलं. "कोण बघतंय?"

"सगळी वीथी पाहते. अन् कोणी न पाहिलें तरी मी उतरतेंच, मामा. सैकिल दिली तेव्हां अप्पांस शब्द दिला मी."

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक तोड काढली. वळणाच्या बरंच अलीकडे, तेलाच्या दुकानापाशी, तिनं उतरायचं. मागे वळून पाहायचं. मोटार येत असेल तर ती पुरती वळून जाईपर्यंत दुकानाशीच थांबायचं. मग सायकल हातात धरून चालत कोपऱ्यावर जायचं आणि कट्ट्यावर चढून काय तो नमस्कार करायचा. शब्द मोडत नव्हता आणि जीवही वाचत होता. तिनं ते इतकं मनापासून केलं की पुढचे काही दिवस मला बरी झोप लागली.

तिरुवलंचुळी

तिच्या शाळेच्या गावाला मी तिच्याबरोबर गेलो तो दिवस या प्रवासातला एकच चांगला दिवस. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि मध्येच विड्याच्या पानांचे मळे. तिथल्या देवळात पांढरा गणपती आहे. तो समुद्राच्या फेसाचा आहे असं सांगतात, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक करत नाहीत, नुसती भीमसेनी कापराची पूड लावतात. मूर्ती एवढीशी आणि भोवतालचं दगडी काम असं की माझ्यातला ड्रॉइंग मास्तर तासभर हलला नाही.

शाळा म्हणजे देवळाशेजारची एक पडवी. आम्ही पोचलो तेव्हा मुली रस्त्यापर्यंत धावत आल्या. एकीनं सायकलचं हँडल धरलं, दुसरीनं सीट आणि वरातीतल्या घोड्यासारखी ती सायकल आत नेली. तुळजा तमिळमध्ये शिकवताना वेगळीच दिसते. मोठ्यानं हसते. घरी ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती.

दुपारी केळीच्या पानावरचा दहीभात खाताना मी तिला म्हटलं, "इथंच राहावंसं वाटत असेल तुला."

"येथें कोणी मज रंगूनचें विचारत नाहीं," ती म्हणाली. "येथें मी टीचर अहें, एवढेंच." मग पान दुमडत म्हणाली, "ही सैकिल गेली तर मी पुन्हां ओटीवर बसलें, मामा. म्हणून मी उतरतें. दिवसांत वीस वेळां उतर म्हणाले तरी उतरेन."

पुन्हा बाजारातलं वळण

पुढच्या आठवड्यात चतुर्थी आली. मी तिच्या मागेच, थोड्या अंतरावर होतो. तुळजा तेलाच्या दुकानाशी उतरली. मागून मोटार येत होती, म्हणून तुळजा तिथेच थांबली. मोटार वळून गेली. तिनं मागे पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि ती सायकल धरून कोपऱ्यावर गेली. सगळं ठरल्याप्रमाणे.

पण चतुर्थीमुळे कट्टा माणसांनी भरला होता. खाली फुलवाल्या बाईच्या टोपल्या होत्या. चढायला जागा नव्हती, म्हणून ती कट्ट्याला लागून रस्त्यातच उभी राहिली, सायकल अंगाशी घेऊन. तिनं डोळे मिटले.

तिकडे मोटारींच्या दोन कंपन्या आहेत आणि त्या एकमेकींचे उतारू पळवतात. पहिली मोटार गेली की तिला गाठायला दुसरी मागून येतेच. ती आली. मला वाटलं, निदान भोंगा वाजवील. एरवी कोंबडी आडवी आली तरी वाजवतात. ती न वाजवता वळली. तोंड लांबून गेलं. मी सायकल टाकून पळत होतो, ओरडत होतो. मागचं चाक आत आलं, सायकलच्या पुढच्या चाकावरून गेलं आणि सायकलचा सांगाडा तुळजाच्या पायावर दाबला गेला. मागे दगडी कट्टा. पाय दोन्हींच्या मध्ये सापडला. फुलवाल्या बाईनं तिला दंडाला धरून वर ओढलं, नाहीतर मी आज हे लिहायलाही बसलो नसतो.

मोटार थांबली. हाकणारा खाली उतरला. त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर वहाणा काढल्या आणि पिळ्ळैयारापुढे जाऊन कपाळ बडवलं. मग तुळजाकडे आला. मी त्याची गचांडी धरली आणि मराठीत, इंग्रजीत, जे तोंडाला येईल त्यात विचारलं, की भोंगा का नाही वाजवलास? तो रडकुंडीला येऊन तमिळमध्ये काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. मला त्यातलं अक्षर कळेना. शेवटी फुलवाल्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या तुळजानंच मला त्याचं बोलणं सांगितलं. ओठ पांढरे पडले होते तिचे.

"मामा, त्यास सोडा. तो म्हणतो, अम्मा डोळे मिटून स्वामीपुढें उभी होती. पूजेंत भोंगा कसा वाजवूं? कोणीच येथें वाजवत नाहीं."

माझे हात आपोआप सुटले. तो माणूस वाईट नव्हता. तिथं कुणीच वाईट नव्हतं. ती देवाला मान देत होती, तो तिच्या पूजेला मान देत होता, आणि मध्ये तिच्या घोट्याच्या हाडाचे तुकडे झाले.

भोवती जमलेले लोक तोवर कोनाड्याकडे हात जोडायला लागले होते. पिळ्ळैयारानं पोरीला वाचवलं, असं एक जण दुसऱ्याला सांगत होता. फुलवाल्या बाईचं नाव कुणी घेतलं नाही.

घरी

डॉक्टरनं पाय लाकडी पट्ट्यांत बांधला. भावजी रात्रंदिवस तिच्या पायथ्याशी बसून राहिले. हा माणूस लेकीवर किती जीव टाकतो ते मी पाहिलं आणि त्यामुळेच त्यांच्यावर धड रागावताही येईना. "देवानें पाय घेतला, पण जीव ठेवला," असं म्हणून ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत.

मी म्युनिसिपालटीत गेलो. कोपऱ्यावर रस्त्यात एक दगड रोवा, म्हणजे मोटारींना लांबून वळावं लागेल, एवढंच मागितलं. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि अशा दगडाला अडखळून उत्सवात देवाच्या रथाचा खोळंबा होईल, असं गोड इंग्रजीत सांगितलं. मोटार कंपनीच्या माणसानं तर कॉफीही दिली नाही. रस्ता मोटारींचा आहे, बायकांनी घरी पूजा करावी, एवढं बोलून तो आत गेला.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. सायकलचं पुढचं चाक चेपलं होतं, सांगाडा थोडा वाकला होता. तळ्याजवळच्या दुकानात मी ती नीट करून घेतली. नवं चाक, नवी घंटी. तुळजा टेकून बसायला लागली तेव्हा मी ती ओटीवर आणून ठेवली. त्या दिवशी तुळजा प्रथमच पोटभर जेवली.

मग नाचियार्कोविलला पितळी समया ओतताना बघायला मला अक्कानं आग्रहानं पाठवलं. समया सुंदर होत्या, एक मी घेतलीही. संध्याकाळी परत आलो तर ओटी रिकामी. भावजींनी सायकल ओळखीच्या एका कारकुनाला देऊन टाकली होती. तिरुवलंचुळीला जाऊन मुलगी आता येणार नाही असंही ते सांगून आले होते, आणि शाळेनं त्याच दिवशी दुसरा मास्तर नेमला होता. नवस म्हणून भावजी बाजारातल्या पिळ्ळैयाराचा कट्टा मोठा बांधून देणार होते. हातभर पुढे, रस्त्यात.

"भावजी," मी म्हटलं, "तुम्ही सायकल घालवलीत. कोपरा तसाच ठेवलात."

"सैकिल नसती तर पाय मोडला नसता," ते म्हणाले.

अक्का आत भांडी घासत होती. ती घासतच राहिली.

तुळजानं रात्री मला एवढंच विचारलं, "मामा, आपण ठरवलें होतें त्यांत मी कोठें चुकलें?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. हे खरं होतं, आणि याहून जास्त देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

स्टेशनची वाट

पट्ट्या सुटेपर्यंत मी राहिलो. निघालो त्या दिवशी तुळजा मला पोचवायला स्टेशनवर यायचं म्हणाली. अजून लंगडत होती, पण भावजींनी नको म्हटलं नाही. जटक्यात ते, मी आणि ती.

बाजाराच्या वळणावर भावजींनी जटका थांबवला. कोपऱ्यावर नव्या कट्ट्याचे दगड येऊन पडले होते. भावजी खाली उतरले. मग त्यांनी लेकीला आधार द्यायला हात पुढे केला.

"तुळजा, उतर."

ती हलली नाही.

"हळू उतर. मी धरतों."

"नाहीं, अप्पा."

"पाय दुखतो कां?"

"पाय बरा अहे."

मागे एक मोटार येऊन थांबली होती. भावजींचा हात तसाच पुढे होता. त्यांना वाटलं, जटका कुठे थांबलाय ते पोरीच्या ध्यानात आलं नसेल. ते पुन्हा म्हणाले, "देवापुढें अहेस. तूं शब्द दिला होतास."

"सैकिलसाठीं दिला होता," तुळजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सैकिल तुम्ही देऊन टाकली."

भावजींनी हात मागे घेतला. मग कोनाड्याकडे वळले, आणि त्यांची वाट न बघता तुळजानं जटकेवाल्याला पुढे चल म्हणून सांगितलं.